बंडल, गाठ आणि ग्रंथ

नोडवर, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीवर, चालणाऱ्या सर्व्हरचा कोड वेबपॅक या ‘बंडलर’ साधनाने ‘बंडल’ करतात, म्हणजे अनेक फाइलींतला कोड एकत्र करतात, त्या क्रियेला मराठीत काय म्हणावे, आणि त्या बंडलाबाहेर ठेवलेल्या मॉड्यूलांना (कोडच्या स्वतंत्र घटकांना) काय म्हणावे, असे अंधेरीच्या एका वाचकाने विचारले आहे. ‘बंडल मारणे’ हा मुंबईकर अर्थ सर्वांना ठाऊक आहे, तो सोडतो. मात्र ‘बंडल केले’ म्हणजे ‘झिप केले’, असे जे सतत कानांवर पडते, ते साफ चूक आहे.

झिप म्हणजे पेशवे दफ्तरातला रुमाल: कागद जसेच्या तसे, भोवती कापड. बंडलर मात्र आरंभीच्या फाइलपासून प्रत्येक इंपोर्ट आणि रिक्वायरचा (दुसरे मॉड्यूल मागवणाऱ्या आज्ञांचा) माग काढत कोड एका सूत्रात ओवतो. संस्कृत ‘ग्रन्थ्’ धातूचा अर्थ नेमका हाच, गुंफणे. ‘ग्रंथि’पासून प्राकृतात ‘गंठि’ आणि मराठीत ‘गाठ’ आली, गाठीचे ‘गाठोडे’ झाले, आणि ओवलेल्या ताडपत्रांचा ‘ग्रंथ’ही त्याच धातूचा. म्हणून माझ्या मते या क्रियेला ‘ग्रथन’ हाच शब्द शोभतो. ‘गाठोडे’ ग्राम्य आणि ‘ग्रंथ’ भारदस्त म्हणून दोहोंचा संबंध नाकारणाऱ्या पंडितांनी व्युत्पत्तीपेक्षा प्रतिष्ठेला अधिक मान दिला आहे. ‘मोट बांधणे’ सुचवणाऱ्यांशीही मी सहमत नाही, कारण मोट परस्परसंबंध नसलेल्यांचीही बांधता येते. ग्रथनात मात्र कोणते पान कोणाला हवे, हे सूत्रच ठरवते.

बाहेर ठेवलेल्यांना ‘अग्रथित’ म्हणावे. सर्व्हरवर ती ठेवावीच लागतात: वेबपॅकला टार्गेट ‘नोड’ सांगितले की एफएससारखी (फाइली हाताळणारे मॉड्यूल) नोडची अंगभूत मॉड्यूले तो स्वतःच वगळतो, सी++मधून संकलित झालेली .नोड फाइल त्याला जावास्क्रिप्ट म्हणून वाचता येत नाही, आणि रिक्वायरमधले नाव कोड चालतानाच ठरणार असेल तर सूत्र तिथे पोहोचत नाही.

जुळणीची खरी अडचण याच अग्रथितांत असते. ग्रथित कोड कॉमनजेएसमध्ये (रिक्वायरच्या जुन्या पद्धतीत) निघाला आणि बाहेरचे पॅकेज केवळ ईएस मॉड्यूल (इंपोर्टच्या नव्या पद्धतीचे) असेल, तर जुना नोड ‘ईआरआर_रिक्वायर_ईएसएम’ ही त्रुटी देऊन थांबतो, नोडच्या २२.१२ आवृत्तीपासून असे रिक्वायर चालते, पण त्या मॉड्यूलात सर्वांत वरच्या पातळीवर, कोणत्याही फंक्शनबाहेर, अवेट (उत्तर येईपर्यंत थांबण्याची आज्ञा) असेल तर तेथेही नाही. शिवाय हाती मॉड्यूलाची सगळी निर्यात एका ऑब्जेक्टमध्ये येते, म्हणून मूळ फंक्शन हवे असल्यास बहुधा ‘.डीफॉल्ट’ लिहावे लागते. तेच पॅकेज ग्रथित केले, तर दोन्ही पद्धतींचा मेळ बंडलर स्वतः घालतो.