हुतात्म्याचा आत्मा जळतो का?

प्रश्न असा आला आहे: 'हुतात्मा म्हणजे ज्याचा आत्मा होमला गेला तो. पण आत्म्याला अग्नी जाळत नाही, असं गीता सांगते. मग हा शब्दच चुकीचा नाही का? आणि हुतात्म्य लिहायचं की हौतात्म्य?'

शंका झकास आहे, पण इथला 'आत्मा' तो नव्हे. आत्मचरित्र, आत्मविश्वास, आत्महत्या या शब्दांत आत्म म्हणजे 'स्वतः', एवढंच. आत्महत्येत आत्मा मरतो कसा, असं कुणी विचारत नाही.

'हुत' आला 'हु' धातूवरून. होम, हवन, आहुती ही सगळी त्याचीच भावंडं. होळीच्या पुनवेला पंचांगात हुताशनी पौर्णिमा लिहिलेली असते ना, त्यातला हुताशन म्हणजे होमात टाकलेलं खाणारा, अर्थात अग्नी. समासाचा विग्रह होतो 'हुत आहे आत्मा ज्याने तो', म्हणजे स्वतःला होमणारा. बहुव्रीही. माझ्या मते शब्दाचं मर्म याच विग्रहात आहे, कारण इथे होमणाराही तोच आणि समिधाही तोच. 'बळी' तसा नाही. बळी कुणीतरी देतं, बळी कुणीतरी घेतं. साथीचे बळी असतात, अपघाताचे असतात; साथीचे हुतात्मे नसतात.

जुन्या मराठीत 'धारातीर्थी पडला', 'कामी आला', 'खर्ची पडला' असे एकाहून एक जोरकस प्रयोग आहेत, पण ते रणांगणावरचे. धारातीर्थातली धार तलवारीची. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला विदेशी कापडाचा ट्रक अडवायला गिरणी कामगार बाबू गेनू रस्त्यावर आडवा झाला आणि चाकाखाली गेला. त्याच्या हातात शस्त्र नव्हतं. त्याला 'धारातीर्थी पडला' म्हणायला जीभ अडखळते. सावरकरांनी रूढ केलेल्या शब्दांत हुतात्मा मोडतो, आणि ही उणीव त्याने भरून काढली.

'शहीद' अरबी. मूळ अर्थ साक्षीदार. आपल्या निष्ठेची साक्ष प्राण देऊन देणारा. त्याला हाकलायचं मला काही कारण दिसत नाही. मात्र हुतात्मा होमाशी जोडलेला म्हणून एकाच धर्माचा, असंही व्यवहारात घडलं नाही. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. सोलापूरकरांसाठी ते चार हुतात्मे. सोलापूर-पुणे गाडीचं नाव 'हुतात्मा एक्सप्रेस' आहे ते त्यांच्यावरूनच.

आता लेखन. महात्मावरून माहात्म्य, तसं हुतात्मावरून हौतात्म्य. पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणून 'हुतात्म्य' नको. अनेकवचन हुतात्मे, सामान्यरूप हुतात्म्या-, हुतात्म्यां-. 'हुतात्मांना' ही चूक छापील पत्रिकांतही दिसते. क्रियापद 'पत्करणे' सगळ्यांत चपखल, कारण त्यात निवड आहे. 'हौतात्म्य मिळाले' वाचलं की पदक मिळाल्यासारखं वाटतं.

जाता जाता: प्राणांची 'आहुती', हु ऱ्हस्व. दीर्घ हू असलेला 'आहूत' म्हणजे बोलावलेला, धातूच वेगळा. 'आहूती' लिहिलंत की यज्ञ राहतो बाजूला आणि शब्दाचं नातं अनाहूत पाहुण्याशी जुळतं.