चर्च पर्यावरणासाठी फक्त प्रार्थना करतं की प्रत्यक्ष लढतंही?

लढतं, आणि त्यासाठी परदेशातलं उदाहरण शोधायची गरज नाही. वसई बघा. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या वाड्यांवर, म्हणजे बागायती जमिनींवर, बिल्डरांची नजर पडली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. ख्रिस्ती आणि हिंदू शेतकरी खांद्याला खांदा लावून मोर्च्यात उतरले. फादरांना धमक्याही आल्या, पण ते मागे हटले नाहीत.

मुख्य मुद्दा पाण्याचा होता. वसईतल्या वाड्यांमध्ये बावखलं असतात, म्हणजे गोड्या पाण्याची छोटी तळी. पावसाळ्यात ती भरतात, पाणी जमिनीत मुरतं आणि आसपासच्या विहिरी गोड राहतात. त्यावरच केळी, पानवेली, फुलझाडं जगतात. समुद्र इतका जवळ, की टँकरवाल्यांनी बेसुमार उपसा केला की विहिरीत खारं पाणी शिरतं. एकदा खारावलेली विहीर सहजासहजी सुधारत नाही.

सगळं वाचलं का? नाही. कितीतरी बावखलं बुजली. पण आज जी हिरवाई उरली आहे, तिच्यात या चळवळीचा वाटा फार मोठा आहे, असं मी ठामपणे म्हणेन.