देव मानणारे, न मानणारे आणि एकच घर: वाचकांचे प्रश्न

देव आहे की नाही, हा वाद या पानावर मिटणार नाही आणि तो मिटवण्याचा आमचा इरादाही नाही. पण एक देव मानतो, दुसरा मानत नाही आणि दोघांना एकाच मांडवात, एकाच सोसायटीत किंवा एकाच तिरडीपाशी उभं राहायचं असतं, तेव्हा करायचं काय, हे नक्की सांगता येतं.

मुलीला आणि होणाऱ्या जावयाला लग्नात धार्मिक विधी नको आहेत. जावयाच्या आईला मंगलाष्टकांशिवाय लग्न झाल्यासारखं वाटणार नाही. मुलं म्हणतात, हॉलमध्ये हार घालू आणि नंतर हिंदू विवाह म्हणून नोंदणी करू. चालेल का? (एक वाचक, सांगली)

असं करू नका. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ प्रमाणे लग्न लागतं ते वधूकडच्या किंवा वराकडच्या रूढ विधींनी. नोंदणी हा त्या लागलेल्या लग्नाचा फक्त पुरावा. विधीच झाला नसेल तर पुरावा कशाचा? एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच सांगितलं, की विधी न करता मिळवलेल्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. पुढे वारसा, पोटगी किंवा घटस्फोटाची वेळ आली तर असं लग्न उभंच राहणार नाही अशी भीती असते. तमिळनाडूत १९६७ साली कलम ७-अ घालून पुरोहिताशिवाय हार घालून लावलेल्या लग्नाला मान्यता दिली गेली. महाराष्ट्रात तशी दुरुस्ती नाही.

तुमच्या मुलांसाठी वाट आहे ती विशेष विवाह कायदा, १९५४ ची. वधू-वरांपैकी एकाने तरी नोटीस देण्याआधी सलग किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेलं असावं लागतं. नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते आणि हरकतीसाठी ३० दिवस थांबावं लागतं. हरकत घेता येते ती वय, आधीचं लग्न, निषिद्ध नातं, संमती देण्याची मानसिक क्षमता अशा कायद्यातल्या अटींवरच. ‘आम्हाला हे लग्न पसंत नाही’ ही हरकत होत नाही. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर ती रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून आधी नोटीस, मग हॉल. लोक नेमकं उलटं करतात आणि पत्रिका छापून झाल्यावर कळतं, की दोघांचाही तीस दिवसांचा रहिवास त्या जिल्ह्यात दाखवता येत नाही. नोकरीसाठी बंगळूरला किंवा परदेशात असलेल्या मुलामुलींचं हे फार होतं. आधार, पासपोर्ट आणि शाळा सोडल्याचा दाखला यांवरची नावं एकसारखी आहेत का, तेही महिनाभर आधी तपासा.

आता जावयाच्या आईचा प्रश्न. या कायद्याच्या कलम १२ मध्ये एक सोय आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. लग्न ‘पक्षकारांना पसंत असलेल्या कोणत्याही पद्धतीने’ लावता येतं. अट इतकीच, की विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना कायदेशीर पती, पत्नी म्हणून स्वीकारल्याचं तोंडाने म्हणायचं. जादा शुल्क भरून अधिकाऱ्याला जवळच्या ठिकाणी बोलावताही येतं. म्हणजे अंतरपाट धरून मंगलाष्टकं म्हणा, हार घाला आणि मग अधिकाऱ्यासमोर ते एक वाक्य उच्चारा. आईंची मंगलाष्टकं राहतात आणि मुलांवर सप्तपदीची सक्ती होत नाही. मंगलाष्टकांत देवदेवतांची नावं नको असतील तर महात्मा फुल्यांची आहेत. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताशिवाय लग्नं लावली, त्या लग्नांत वधू-वरच एकमेकांना वचन देतात. आमच्या मते दोन्ही घरांना पेलेल अशी याहून चांगली जागा नाही.

दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर वारसाहक्काला धक्का लागत नाही, कलम २१-अ ते सांभाळतं. एक जण मुस्लिम किंवा ख्रिस्ती असेल तर मात्र भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो आणि हिंदू जोडीदार कायद्याने एकत्र कुटुंबातून विभक्त धरला जातो. अशा वेळी लग्नाआधीच वकिलाला विचारा आणि लग्नानंतर मृत्युपत्र करून ठेवा.

कोर्टात साक्षीला जायचं आहे. मी नास्तिक आहे. ‘ईश्वरसाक्ष’ म्हणायला नकार दिला तर साक्ष बाद होईल का? (एक वाचक, रत्नागिरी)

नाही. शपथ कायदा, १९६९ प्रमाणे शपथेऐवजी प्रतिज्ञा करता येते. पिंजऱ्यात उभं राहिल्यावर शिरस्तेदाराला शांतपणे सांगा, ‘मी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करणार आहे’. कारण द्यावं लागत नाही. धर्मग्रंथावर हात ठेवणं कायद्यातल्या नमुन्यात नाही, ते सिनेमात दिसतं. खोटी साक्ष दिली तर शपथ घेणारा आणि प्रतिज्ञा करणारा, दोघांनाही शिक्षा सारखीच. आमदार, खासदार आणि मंत्र्यांनाही राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीने हे दोन्ही पर्याय दिले आहेत.

वडिलांनी देहदानाचा अर्ज भरला आहे. थोरला भाऊ म्हणतो, अग्नी दिला नाही तर त्यांना गती मिळणार नाही. वडील ऐंशी वर्षांचे आहेत. आत्ताच काय करून ठेवावं? (एक वाचक, नाशिक)

भावाशी आत्ताच बोला, वडिलांच्या समोर. कारण ऐन वेळी वडिलांचा अर्ज नाही, वारसांची सही चालते. अर्ज म्हणजे इच्छा. जवळच्या नातेवाइकांपैकी एकाने जरी ठाम विरोध केला, तरी वैद्यकीय महाविद्यालय सहसा मागे सरतं आणि ते बरोबरही आहे. शोकात असलेल्या घरातलं भांडण त्यांनी का अंगावर घ्यावं?

भावाच्या श्रद्धेला उत्तर परंपरेतच आहे. बुडून किंवा दूरदेशी गेलेल्या माणसाचा देह मिळाला नाही तर पळसाची पानं आणि दर्भ यांची आकृती करून तिला अग्नी देतात. त्याला पालाशविधी म्हणतात आणि जाणत्या गुरुजींना तो ठाऊक असतो. दहाव्यापासून तेराव्यापर्यंतच्या पिंडदानाला तर देह लागतच नाही. देहदान केलं म्हणून ते विधी सोडावे लागत नाहीत, आणि करायचे नसतील तर कोणी भाग पाडू शकत नाही. एक गोष्ट मात्र भावाला आधीच सांगा, की अस्थी मिळतील हे गृहीत धरू नये.

आता कागद. घरी मृत्यू झाला तर डॉक्टरकडून मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र लागतं, नमुना ४-अ. इथंच बहुतेक घरं अडतात. रात्री दोन वाजता अनोळखी डॉक्टर कारण लिहून देत नाही. म्हणून वडिलांना नियमित तपासणारे जवळचे डॉक्टर ठरवून ठेवा आणि त्यांना देहदानाची कल्पना द्या. महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाचा रात्रीचाही फोन नंबर, वडिलांच्या आणि वारसांच्या आधारच्या प्रती आणि अर्जाची पोच एका पाकिटात घालून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत करायचीच आहे.

नेत्रदान करायचं तर सहा तासांच्या आत. नेत्रपेढीला फोन करा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या आणि पंखा बंद करा. डोळे दिल्यानंतरही देहदान होतं, पण इतर अवयव काढले असतील तर सहसा नाही. अपघात, आत्महत्या, शवविच्छेदन, एचआयव्ही, कावीळ-बी, क्षयरोग किंवा मोठे बेडसोअर असतील तर देह नाकारतात. तेव्हा दहन करायचं की दफन, हेही आत्ताच वडिलांना विचारून ठेवा.

सोसायटीच्या गणपतीची आणि सत्यनारायणाची वर्गणी देखभालीच्या बिलात लावली आहे. आम्ही देव मानत नाही. बिल कापून भरलं तर थकबाकीदार ठरवतील का? (एक वाचक, डोंबिवली)

बिल कापून भरू नका. आधी पूर्ण भरा आणि सोबत ‘हरकतीसह भरणा’ असं लेखी पत्र देऊन सेक्रेटरीकडून पोच घ्या. कापून भरलं की उरलेल्या रकमेवर व्याज चढतं, तुम्ही थकबाकीदारांच्या यादीत जाता आणि वाद देवाचा न राहता पैशाचा होतो. मग सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यायला लावा.

देखभालीच्या आकारात पाणी, सामाईक वीज, लिफ्ट, दुरुस्ती, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) असे विषय येतात. उत्सव बहुतेक वेळा ‘इतर आकार’ या नावाखाली घुसवला जातो. सभेत ‘गणपती नको’ असा ठराव मांडलात तर हराल आणि शेजारीही दुखावतील. ‘उत्सवाची पावती वेगळी, खातं वेगळं, वर्गणी ऐच्छिक, हिशेब फलकावर’ असा मांडा. त्याला देव मानणारेही हात वर करतात, कारण हिशेब सगळ्यांनाच हवा असतो. बाहेरचं मंडळ वर्गणी मागायला आलं तर धर्मादाय कार्यालयाची नोंदणी किंवा परवानगी दाखवायला सांगा. दमदाटी केली तर ती खंडणी ठरू शकते, पोलिसांत जा.

ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. आरती असो की अजान, नियम एकच.

नातवाच्या तापावर सासूबाई नवस बोलतात, अंगारा लावतात. आता एका बाबाकडं न्यायचं म्हणतात. जादूटोणा कायद्यात हे बसतं का? (एक वाचक, बीड)

नवस, अंगारा, पूजा, वारी, कीर्तन या कायद्यात येत नाहीत. २०१३ च्या या कायद्याला हात लावायचा आहे तो फसवणुकीला आणि छळाला. भूत उतरवण्यासाठी मारहाण करणं, साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र किंवा गंडेदोरे देणं हे गुन्हे आहेत. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं, दंड ५ हजार ते ५० हजार रुपये, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.

सासूबाईंशी अंगाऱ्यावरून भांडू नका. अंगारा लावू द्या, थर्मामीटरही लावा. तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल, झटके आले, दूध ओढेना, श्वास भरभर चालला किंवा मूल मलूल पडलं, तर थेट रुग्णालय. बाबाने ‘औषध बंद करा’ म्हटलं की तिथून लगेच उठा.

मुलीच्या अनुदानित शाळेत रोज एका देवतेची प्रार्थना असते. ती म्हणायची सक्ती आहे का? (एक वाचक, लातूर)

नाही. राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे, सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत अज्ञान मुलाला पालकाच्या संमतीशिवाय उपासनेला हजर राहायला लावता येत नाही. १९८५ साली केरळमधल्या तीन मुलांना राष्ट्रगीत गायलं नाही म्हणून शाळेतून काढलं होतं. ती मुलं आदराने उभी राहत होती, एवढं पाहून १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. मुख्याध्यापकांना चार ओळींचं पत्र द्या: मुलगी प्रार्थना म्हणणार नाही, शांत उभी राहील, राष्ट्रगीत आणि प्रतिज्ञेत भाग घेईल, आणि वर्गात याचा उल्लेख करून तिला वेगळं पाडू नये. पत्र मुलीच्या दप्तरातून पाठवू नका, स्वतः नेऊन द्या.