रुजू व्हायच्या आधी

धरमपेठ, नागपूर

प्रिय बेटा,

तुझी सहायक कुलसचिव पदाची ऑर्डर आली हे तुझ्या बाबांकडून कळलं. परवा सकाळी अंबाझरीला फिरताना भेटले. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. मग बोलता बोलता म्हणाले, "आता तिला घरी यायला उशीर होणार. म्हणून मी आतापासूनच संध्याकाळचा चहा आठ वाजता घ्यायची सवय करतोय." ते सहज बोलून गेले, पण माझ्या मनातून ते वाक्य जाईना. म्हणून हे पत्र.

विदर्भातल्या दोन विद्यापीठांत मिळून मी एकतीस वर्षं नोकरी केली. तू ज्या खुर्चीत बसणार आहेस, तिथून मी सुरुवात केली होती. तिथे तुझ्या हाताखाली सगळ्यात आधी येतो तो दुसऱ्यांचा वेळ. पैशाचे आणि नेमणुकांचे अधिकार पुष्कळ नंतर येतात. वेळ मात्र पहिल्या दिवसापासून येतो, आणि तो आपल्या हाती आलाय हे कुणी सांगत नाही.

मला ते एका मुलानं शिकवलं. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. चूक माझी होती. जंगलपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावचा तो मुलगा. कॉलेजकडून अंतर्गत गुण वेळेवर आले नाहीत, म्हणून निकाल राखून ठेवलेला. नंतर गुण आले, लिपिकानं टिपणी तयार केली आणि फाइल माझ्याकडे आली. मी घाईत होते. समासात "चर्चा करावी" असा शेरा मारून फाइल बाजूला ठेवली. लिपिक चर्चेला आला नाही आणि मीही बोलावलं नाही. अकरा दिवस गेले.

मुलगा तीनदा आला. रात्रीच्या एस.टी.नं निघायचा, पहाटे स्टँडवर तोंड धुवायचा आणि दहाच्या आधी खिडकीशी उभा राहायचा. तिसऱ्या वेळी त्याला माझ्या टेबलाशी आणलं. त्याच्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांच्या मागे एस.टी.ची पाच तिकिटं नीट सपाट करून ठेवलेली होती. आवाज चढवला नाही त्यानं. एवढंच म्हणाला, "मॅडम, कोणत्या दिवशी येऊ तेवढं लिहून द्या." फाइल शोधून सही करायला मला चार मिनिटं लागली. नोकरीसाठी कागदपत्रांच्या पडताळणीची त्याची तारीख आदल्याच दिवशी गेली होती.

तो "बरं" म्हणाला आणि निघून गेला. पुढे त्याचं काय झालं मला कळलं नाही. बेटा, ती तिकिटं मला आजही दिसतात.

त्या दिवसापासून "चर्चा करावी" लिहायचं असेल तर आधी माणसाला बोलवायचं आणि चर्चा झाल्यावरच काय ते लिहायचं, हे मी पाळलं. दुसरं, दर शुक्रवारी दुपारी चारला आवक रजिस्टर मागवायचं आणि त्यातलं सगळ्यात जुनं प्रलंबित पत्र स्वतः हातात घ्यायचं. नव्या पत्रांकडे सगळ्यांचं लक्ष असतंच. जुन्याला कुणी वाली नसतो.

कायदा तुला पाठ असेलच. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 सांगतो की परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत निकाल लागावा आणि काही झालं तरी 45 दिवसांच्या पुढे जाऊ नये. माहितीच्या अधिकाराचे 30 दिवस आहेत, 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. हे आकडे कार्यालयात जाच वाटतात, कारण ते तपासणीच्या वेळीच काढले जातात. तू ते माणसांच्या हिशोबात वाच. 1923 मध्ये नागपूर विद्यापीठ सुरू झालं. 2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठ वेगळं होईपर्यंत गडचिरोली आणि चंद्रपूर इथल्याच कक्षेत होते. गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचाच्या पोराला तेव्हा नागपूरच्या एका शिक्क्यासाठी केवढा प्रवास पडत असेल, नकाशावर एकदा बोट फिरवून बघ. आता नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया उरलेत, पण गोंदियातल्या देवरीहून येणाऱ्याचा दिवस आजही मोडतोच.

हाताखालच्या लोकांबद्दल. वरिष्ठ लिपिकाला तुझ्यापेक्षा जास्त येतं, हे पहिल्याच आठवड्यात त्याच्या तोंडावर मान्य कर. चूक झाली की वर जाणाऱ्या कागदावर "आमच्या विभागाकडून" असं लिही, कुणाचं नाव लिहू नकोस. जे बोलायचं ते दार लावून बोल. मे महिन्यात पारा 45 ला टेकलेला असताना मूल्यांकन केंद्रावर स्वतः जा, कूलरमध्ये पाणी आहे का आणि प्यायचं पाणी कुठे ठेवलंय ते बघ. घामानं पेपराला चिकटणाऱ्या हातानं दिलेल्या गुणांवर तू सही करणार आहेस. विद्यार्थी निवेदन घेऊन आले तर वर बोलावण्यापेक्षा खाली फाटकाशी जा. अर्ध्या घोषणा तिथेच शांत होतात, कारण त्यांना कुणीतरी समोर यावं एवढंच हवं असतं.

शिफारशीचे फोन येतील. ऐकून घ्यायचं, नम्रपणे बोलायचं, आणि काम नियमात असेल तर फोन न करणाऱ्याचं ज्या क्रमानं झालं असतं त्याच क्रमानं करायचं. खरेदीच्या फाइलवर सही करताना कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण आठव. आपल्या मृत्युपत्रानं त्यांनी 35 लाखांहून अधिक रुपये विद्यापीठाला दिले, त्या काळातले 35 लाख, आणि त्यातून 1942 मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. विद्यापीठातला पैसा कुणीतरी विश्वासानं ठेवून गेलेला असतो.

आता घराचं, जे लिहायला मी टाळत होते.

एका डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू होतं. विद्यापीठाबद्दल आमदारांनी विचारलेल्या तारांकित प्रश्नांची उत्तरं रात्री नऊ-दहापर्यंत तयार व्हायची. सासूबाई, आम्ही त्यांना आईच म्हणायचो, मी आल्याशिवाय जेवायच्या नाहीत. मला ते माहीतच नव्हतं. मी आल्यावर त्या ताट घेऊन बसायच्या तेव्हा वाटायचं, सोबत म्हणून बसतात. त्यांना मधुमेह होता. त्या रात्री साडेदहाला दार उघडलं तर त्या ओट्याशी खाली बसलेल्या, अंग घामानं थबथबलेलं, हात थरथरत होते. तुझे काका साखरपाणी पाजत होते. ओट्यावर दोन ताटं वाढून झाकलेली होती. पोळीला फडकं गुंडाळलेलं.

आई बऱ्या झाल्या. मी विचारलं, सांगितलं का नाही? म्हणाल्या, "तुझं काम मोठं आहे ना बाई."

तो मुलगाही असंच "बरं" म्हणून गेला होता. जे आपल्यासाठी थांबतात ते बोलत नाहीत, त्यामुळे त्यांचं देणं आपल्याला दिसतच नाही. दुसऱ्या दिवसापासून सातच्या ठोक्याला मी कार्यालयातून घरी फोन करू लागले. "नऊ वाजतील, तुम्ही जेवून घ्या." एवढंच. एकदा कुलगुरूंसमोर बैठक चालू असताना सात वाजले, तेव्हाही दोन मिनिटांची परवानगी मागून उठले. त्यांनी कारण विचारलं, मी खरं सांगितलं. पुढच्या बैठकीत सात वाजता त्यांनीच घड्याळाकडे बघून माझ्याकडे पाहिलं.

बाबांना उशिरा चहाची सवय लावू देऊ नकोस. त्यांचा चहा पाचलाच होऊ दे. तू आलीस की दुसऱ्यांदा टाका.

रुजू व्हायच्या आधीच्या रविवारी त्यांना घेऊन जेवायला ये. परिनियम आणि अध्यादेशांची माझी जुनी प्रत तुझ्यासाठी काढून ठेवली आहे. समासात पेन्सिलीनं टिपणं आहेत. जिथे माझा निर्णय चुकला, तिथे तारीख घातली आहे.

तुझी,
काकू