तैलचित्र, शिळाछाप की मुद्राचित्र?

जॉर्ज बॅक्स्टर या इंग्रज मुद्रकाने 1840 च्या दशकात एक मोठे रंगीत चित्र छापले. जमैकातील ब्राउन्स टाउनजवळ बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी 135 जणांना दिलेला बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्माची दीक्षा देणारा पाण्याचा विधी, हा त्याचा विषय आहे. बॅक्स्टरची छपाई ‘तेलरंगी’ म्हणून ओळखली जाते, तेव्हा अशा चित्राला मराठीत तैलचित्र म्हणावे की शिळाछाप, असे एका वाचकांनी विचारले आहे. माझ्या मते दोन्ही शब्द चुकीचे आहेत, आणि शिळाछाप अधिक चुकीचा आहे.

तैलचित्र म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर कुंचल्याने रंगवलेले एकमेव चित्र येते. येथे तेल आहे ते छपाईच्या शाईत. शिळाछापात चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट शाईने आकृती काढतात आणि तेल व पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, या गुणावर छपाई चालते. एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे मुद्रक गणपत कृष्णाजी यांची जुनी पंचांगे शिळाछापाची, आणि घरोघरी पोहोचलेले रविवर्म्याच्या छापखान्यातील ओलिओग्राफही, नावात तेल असले तरी, मुळात रंगीत शिळाछापच. बॅक्स्टरने 1835 मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत मात्र शिळा नाही. तो प्रथम कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून रेषा आणि छायाप्रकाश छापून घेई आणि मग त्याच कागदावर प्रत्येक रंगासाठी वेगळा लाकडी ठसा उमटवी. एका चित्राला असे दहा-वीस ठसेही लागत, आणि एखादा ठसा केसभर सरकला तरी चेहऱ्याचा रंग गालाबाहेर जाई. भिंगातून पाहिल्यास रंगाच्या थराखाली पत्र्याची बारीक कोरीव रेघ दिसते, ती शिळाछापात दिसायची नाही.

‘ठसेछाप’ हा शब्द सुचतो खरा, पण त्यात पत्र्याचे काम झाकले जाते आणि कापडावरची छपाई आधी आठवते. त्यामुळे कलाविषयक मराठी लेखनात ठसा, पत्रा किंवा शिळेवरून छापलेल्या चित्रासाठी रूढ असलेला मुद्राचित्र हाच शब्द मी घेईन आणि त्याआधी ‘तैलरंगी’ हे विशेषण जोडीन. विषयाच्या नावात मराठी कॅथलिकांचा ‘स्नानसंस्कार’ हा शब्द न घेता ‘बाप्तिस्मा’च ठेवावा, कारण चित्रातील मंडळी बॅप्टिस्ट आहेत आणि पाण्यात उभे राहून माणसाला पूर्ण बुडवण्याचा त्यांचा विधीच तेथे दाखवला आहे. चित्राची नोंद अशी होईल: ‘जमैकातील बाप्तिस्मा, तैलरंगी मुद्राचित्र, कोरीव पत्रा व लाकडी ठसे, जॉर्ज बॅक्स्टर.’