क्लाउनफिशच्या घरभरणीबद्दल

चि. भाचीस,

अनेक आशीर्वाद.

तुझा व्हिडिओ दोनदा पाहिला. बबल-टिप ॲनिमोनी (फुगीर टोकांच्या बोटांचं समुद्रफूल, वनस्पती नव्हे, प्राणीच) मधल्या दगडावर मस्त फुलली आहे आणि तुझी क्लाउनफिशची जोडी मात्र तिच्याकडे पाठ फिरवून हीटरच्या कोपऱ्यात डुलते आहे. "मामा, यांना आत कसं घालायचं?" असं विचारतेस. घालायचं नाहीच. मासा आत जातो तो त्याच्या मर्जीने. आपल्या हातात फक्त ॲनिमोनी आहे. ती जागेवर टिकली, अंगाने भरली, की निम्मं काम झालं. म्हणून पत्राचा मोठा भाग तिच्यावरच खर्च करणार आहे, कंटाळू नकोस.

आधी तुझ्या माशांची बाजू. ते ओसेलारिस जातीचे क्लाउन आहेत. समुद्रात ओसेलारिस मॅग्निफिका, जायगँटिया आणि मर्टेन्साय या तीनच जातींच्या ॲनिमोनींत राहतात. बबल-टिप त्यांच्या यादीत नाही. 'मरून' किंवा 'टोमॅटो' जातीचे क्लाउन असते तर बबल-टिप हे त्यांचं माहेरच. ते बहुधा पहिल्याच दिवशी आत घुसले असते. त्यात तुझे मासे टँकमध्ये जन्मलेले. समुद्रात क्लाउनफिश ॲनिमोनीच्या पायथ्याशी दगडावर अंडी घालतात, आणि पिल्लं त्या वासातच अंड्यातून बाहेर पडतात. मग दहा-बारा दिवस उघड्या पाण्यात वाहत जातात आणि रीफवर परतताना तोच ओळखीचा वास हुंगत आपलं घर शोधतात. हॅचरीत (माशांच्या पैदास केंद्रात) अंडी घातली जातात मातीच्या कुंडीवर नाहीतर टाइलवर. त्या पिल्लांना ॲनिमोनी हा प्रकारच ठाऊक नसतो. तरीही टँकमधले ओसेलारिस बबल-टिपमध्ये सर्रास राहतात. कुणी दोन तासांत, कुणी सहा महिन्यांनी, आणि काही कधीच नाही. कुणाकुणाचे क्लाउन लेदर कोरलमध्ये नाहीतर हॅमर कोरलमध्ये संसार थाटतात, शेजारी ॲनिमोनी रिकामी असते. ॲनिमोनीशिवाय क्लाउनचं टँकमध्ये काहीच अडत नाही, आणि क्लाउनशिवाय तिचंही नाही.

"मग ओसेलारिसची हक्काची मॅग्निफिकाच आणते" असं तुझ्या मनात येईल. आणू नकोस. तिला प्रकाश आणि प्रवाह दोन्ही जबरदस्त लागतात, ती टँकभर भटकते आणि अनुभवी लोकांच्या हातूनही मरते. जायगँटिया तर इतर मासे धरून खाते. बबल-टिपच बरी.

आता ती. सकाळी लाइट लागल्यावर तिच्यासमोर पाच मिनिटं बस आणि नीट बघ. मधलं तोंड घट्ट मिटलेलं हवं. पाय दगडाच्या फटीत रुतलेला हवा. रंगात तपकिरी झाक हवी, कारण तिच्या अंगात राहणारं सूक्ष्म शैवालच प्रकाशावर तिचं अन्न तयार करतं. पांढरीफटक ॲनिमोनी दुकानात कितीही सुंदर दिसली तरी ती उपाशी असते, आणि भडक पिवळी बहुतेक वेळा रंगवलेली. दिवसातून एकदा ती आक्रसून तपकिरी धागे बाहेर टाकेल. तो तिचा प्रातर्विधी, घाबरायचं नाही. बोटांच्या (तोंडाभोवतीच्या स्पर्शिकांच्या) टोकांचे फुगे जाऊन ती सरळ लांब झाली तरी घाबरू नकोस. मात्र तोंड आ वासलेलं, बोटं लोंबलेली आणि पाण्याला कुजका वास आला, तर विचार करत बसू नकोस, लगेच बाहेर काढ. विरघळलेली ॲनिमोनी एका रात्रीत सगळा टँक नासवते.

जागा पसंत पडली नाही की ती चालू लागते. चालताना वेव्हमेकरच्या (टँकमध्ये प्रवाह करणाऱ्या पंपाच्या) जाळीत ओढली गेली तर तिचा कीस होतो, म्हणून वेव्हमेकरवर आजच स्पंजचं कव्हर चढव. ती चालली तर चालू दे. पाय ओढून "योग्य" जागी परत लावायला जाऊ नकोस. पाय फाटला तर ती जगेलच असं नाही.

पाण्याचं तुला माहीत आहे, तरी लिहितो. तापमान २५-२६ अंश, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (खारटपणाचं माप) १.०२५ ते १.०२६, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) ८ ते १० डीकेएच (तिचं एकक), अमोनिया आणि नायट्राइट शून्य. आकडा थोडा इकडेतिकडे असला तर ती सांभाळून घेते, तो रोज बदलला की खचते. ठाण्यातल्या मे महिन्यात पाण्यावर पंखा लावून फार भागत नाही. हवाच इतकी दमट असते की बाष्पीभवन पुरेसं होत नाही, आणि जेवढं होतं तेवढ्याने खारटपणा वाढतो. चिलरला (पाणी गार करणाऱ्या यंत्राला) पर्याय नाही. रोजची भर आरओ-डीआयच्या (गाळून क्षार काढलेल्या) गोड्या पाण्याची घाल, खाऱ्या पाण्याची नव्हे. लाइट जातात तेव्हासाठी बॅटरीवरचा एअरपंप घरात असू दे.

आठवड्यातून एकदा वाटाण्याएवढा कोळंबीचा तुकडा चिमट्याने तिच्या बोटांवर ठेव. कोळणीकडची ताजी कोळंबी चालते. आईने कालवणासाठी मीठ-हळद लावून ठेवलेली नको! माशांना ओढायचा खरा उपायही हाच आहे. कोळंबीच्या वासाने क्लाउन चोरी करायला येतात, बोटांना अंग घासतं, चटका बसतो, पळतात, परत येतात. त्यांचं रोजचं खाणंही तिच्या बाजूलाच सोडत जा.

दुसरा उपाय झोपायच्या जागेचा. ते ज्या कोपऱ्यात रात्र काढतात तिकडे वेव्हमेकरचं तोंड थोडं वळव, म्हणजे तिथे टिकणं अवघड होईल आणि ते दुसरा आडोसा शोधतील. प्रवाह थेट ॲनिमोनीवर मात्र येऊ देऊ नकोस, नाहीतर तीच उठून निघेल. भोकांच्या डब्यात तिघांना एकत्र कोंडायची युक्ती काही जण सांगतात. ती कधी कधी लागू पडते, पण दुकानातून नुकत्याच आलेल्या ॲनिमोनीवर मी ती कधीच करणार नाही. काचेवर बाहेरून ॲनिमोनीतल्या क्लाउनचा फोटो चिकटवायचा उद्योग निरुपद्रवी आहे. हौस असेल तर कर, माझा विश्वास नाही.

पहिली भेट होईल तेव्हा टँकजवळ हालचाल करू नकोस. बहुतेकदा आधी शेपटी लागते. मासा दचकून अंग झटकतो आणि बाजूला होतो. मग पुन्हा शेपटी, मग पोटाखालचे पर, मग कूस. बोटं त्याला चिकटतात, तो हिसका देऊन सोडवून घेतो. माशाच्या अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे तिचे डंख सुटत नाहीत. त्या थराची पूर्ण तयारी या शिवाशिवीतूनच होते, कधी काही मिनिटांत, कधी दोन-तीन दिवसांत. एकदा जमलं की तो तोंड खुपसून आत लोळतो आणि बाहेर निघायचं नाव घेत नाही. काही कारणाने पुढे बरेच दिवस वेगळा ठेवलास तर हा सगळा कार्यक्रम पहिल्यापासून.

खरी काळजी त्यानंतरची. जोडीतला मोठा मासा मादी असतो (ती गेली तर नरच मादी होतो, हे तुला माहीत असेलच) आणि ती फार दांडगी. लहान ॲनिमोनीला ती घासून घासून बेजार करते, तोंडातला घास ओढून घेते. ॲनिमोनी माशाच्या निदान तिप्पट रुंद असावी. तुझी अजून तेवढी दिसत नाही, त्यामुळे मासे सध्या दूर आहेत हे एका परीने बरंच आहे. घर मिळालं की तुझ्या हातालाही चावे बसतील; काच पुसताना लांब दांड्याचा ब्रश घे.

जाता जाता एक. दिवाळीत मालवणला जाणार आहेस म्हणे. तिथल्या खडकांतली समुद्रफुलं बघ, उचलू नकोस. पोवळी तर मेलेलीसुद्धा नकोत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत ती. पुढे कधी क्लाउन लागले तर पैदास केलेलेच घे. तुझ्या जवळ ऐरोलीलाच मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनच्या केंद्रात त्यांची हॅचरी आहे.

रविवारी ॲनिमोनीचा वरून काढलेला फोटो पाठव, वेव्हमेकर बंद करून, तोंड स्पष्ट दिसेल असा. सोबत आठवडाभराचे अल्कलिनिटीचे आकडे. माशांचा व्हिडिओ नको.

तुझा,
मामा