हर्षल म्हणजे हरीण

प्रश्न : नातू इंदुरात हिंदी माध्यमाच्या शाळेत शिकतो. त्याच्या पुस्तकात सातव्या ग्रहाचं नाव ‘अरुण’ दिलं आहे. माझे सासरे पंचांग बघत, ते त्याला ‘हर्षल’ म्हणायचे. पुण्याची भाची म्हणते ‘प्रजापती’. मराठीत बरोबर काय? आणि त्याला ‘बर्फाचा गोळा’ म्हणतात ते ठीक आहे का? – एक आजी, रामबाग, इंदूर

उत्तर : आजी, ‘युरेनस’ म्हटलं की जगात कुठेही भागतं, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. पण ‘अरुण’ ऐकलं की माझं डोकं फिरतं. आणि इंदुरात राहायचं म्हणजे ते उठता-बसता ऐकणं आलं. हिंदी पुस्तकांतून ते आता आपल्या घरांतल्या मराठीतही येऊन बसलंय.

अरुण म्हणजे तांबूस. अरुणोदय म्हणतो तो यातलाच. सूर्य उगवायच्या आधी पूर्वेला जी लाली चढते ती अरुण, आणि म्हणून तो सूर्याचा सारथी. आता या ग्रहाकडे बघा. त्याच्या हवेत हायड्रोजन आणि हेलियमच्या जोडीला थोडा मिथेन आहे. मिथेन सूर्यप्रकाशातला तांबडा भाग गिळतो आणि फिकट हिरवा-निळा तेवढा परत पाठवतो. म्हणजे तांबडा रंग खाऊन टाकणाऱ्या ग्रहाला आपण नेमकं ‘तांबडा’ हेच नाव दिलं! सारथी म्हणावं तर तोही सूर्याच्या पुढ्यात नाही, आपल्यापेक्षा एकोणीसपट लांब बसलाय. युरेनस-अरुण असा कानाला भास होतो आणि पुढच्या वरुणाशी, म्हणजे नेपच्यूनशी, यमक जुळतं, याहून वेगळं कारण मला दिसत नाही. परिभाषा समित्यांनी यमकं जुळवू नयेत, ते काम आरत्या लिहिणाऱ्यांचं.

‘प्रजापती’ त्या मानानं विचार करून ठेवलेलं आहे. ग्रीक कथांत युरेनस हा शनीचा बाप आणि गुरूचा आजा. गुरूच्या पलीकडे त्याचा बाप शनी, तर शनीच्या पलीकडे त्याचा बाप हवा, असं म्हणून बर्लिनचे खगोलशास्त्रज्ञ योहान बोडे यांनी हे नाव सुचवलं. सगळ्यांचा मूळपुरुष, म्हणून आपल्याकडे प्रजापती. अडचण एवढीच की आभाळात एक प्रजापती आधीपासून होता. सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथात ब्रह्महृदय ताऱ्याच्या पूर्वेला त्या नावाचा तारा सांगितलाय. शिवाय रोहिणीची देवता प्रजापती आणि साठ संवत्सरांतला पाचवाही प्रजापती. एका नावावर किती जणांनी दिवस काढायचे?

तेव्हा तुमच्या सासऱ्यांकडे येऊ. विल्यम हर्शल मूळचे जर्मनीतल्या हानोव्हरचे. पेशानं वादक, इंग्लंडात बाथ या गावी चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. 13 मार्च 1781 च्या रात्री घरच्या अंगणात, स्वतः घासलेल्या आरशाच्या दुर्बिणीतून त्यांना हा ग्रह दिसला. आधी त्यांना तो धूमकेतू वाटला. (इकडे तेव्हा अहिल्याबाई महेश्वराहून कारभार पाहत होत्या आणि महादजी इंग्रजांशी लढत होते.) हर्शल यांनी त्याला राजा तिसऱ्या जॉर्जचं नाव दिलं. ते फ्रेंचांना कसं रुचावं? तिथले खगोलशास्त्रज्ञ लालांद यांनी शोधकाचंच नाव सुचवलं, आणि इंग्रज ज्योतिषी तर एकोणिसावं शतकभर ‘हर्शल’च म्हणत राहिले. या ग्रहाच्या चिन्हात आजही इंग्रजी एच आहे. त्यांच्या पुस्तकांतून ते आपल्या पंचांगात आणि पत्रिकेत उतरलं, आणि उतरताना श चा ष झाला.

या ष वर माझा फार जीव आहे. व्याकरणानं तो करायची काही गरज नव्हती. र् च्या पुढे स आला तर त्याचा ष होतो हे खरं, पण श जागचा हलत नाही : दर्शन, स्पर्श, आदर्श. ‘हर्शल’ सुखानं नांदला असता. माझं मत असं की कुणा संस्कृत जाणणाऱ्या पंचांगकर्त्यानं हे मुद्दाम केलं. का, ते ऐका.

हर्शल हे आडनाव जर्मन ‘हिर्श’वरून आलंय. हिर्श म्हणजे हरीण, त्यातही शिंगांचा नर. त्याला लाडाचा प्रत्यय लागून झालं हर्शल, म्हणजे आपलं पाडस. आता आपट्यांचा संस्कृत कोश काढा आणि ‘हर्षुल’ बघा. हृष् धातूला उणादी, म्हणजे पाणिनीच्या परंपरेतल्या यादीतला, प्रत्यय लागून झालेला शब्द. अर्थ दोन : प्रियकर आणि हरीण! बाथच्या अंगणातलं हरीण आणि पाणिनीच्या परंपरेतलं हरीण एकाच ग्रहावर भेटलेत. दोन्ही शब्दांचं रक्ताचं नातं काही नाही, निव्वळ योगायोग आहे. हिर्शची खरी सोयरीक आपल्या ‘शृंग’शी, म्हणजे मराठीतल्या ‘शिंगा’शी. पण ज्यानं कुणी हर्षल असं लिहिलं त्याच्या डोळ्यांपुढे हर्षुल नव्हता, हे मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. लोक म्हणतात, अहो, ‘हर्ष’ ओळखीचा होता म्हणून ष आला, संपलं. इतकं सोपं असतं तर शब्दकोश कशाला लागले असते?

मुलांच्या नावांच्या पुस्तकांत ‘हर्षल : आनंदी’ असं बेधडक छापतात. हर्ष आहे, हर्षद आहे, हर्षवर्धन आहे, पण हर्षल हे नाव जुन्या संस्कृतात दाखवा. ते पत्रिकेतल्या ग्रहावरून पाळण्यात आलंय, असं मी मानतो. ज्योतिषी या ग्रहाला विक्षिप्त, आकस्मिक उलथापालथ करणारा म्हणतात आणि लोक हौसेनं पोराला तेच नाव ठेवतात.

आणखी एक खोड मोडायला हवी. युरेनस म्हणजे मुळात आपला वरुणदेवच, असं एकोणिसाव्या शतकातल्या पंडितांनी मांडलं, आणि ते आजही भाषणांत टाळ्या घेतं. उच्चारांचे नियम लावले की ते टिकत नाही. ग्रीक शब्दाचं मूळ ‘वर्षणारा’ या अर्थाच्या रूपात शोधतात. तिकडेच आपला वृष्, त्यातून प्रावृष्, त्यातून प्राकृत पाउस आणि मराठी पाऊस. म्हणजे युरेनसचा भाऊबंद वरुण नव्हे, पाऊस. त्याच ग्रहावरून 1789 मध्ये नाव मिळालेलं युरेनियमही मग पावसाच्याच गोतातलं.

आता बर्फाचा गोळा. तो उन्हाळ्यात गाडीवर मिळतो, काला-खट्टा घालून. हा ग्रह तसा नाही. वरची हवा भयंकर थंड, उणे 224 अंश सेल्सिअसपर्यंत. नेपच्यून त्याच्याहून लांब असूनही इतका गारठलेला नाही, कारण नेपच्यून सूर्याकडून घेतो त्याच्या अडीचपट उष्णता बाहेर टाकतो. याच्या पोटातून जेमतेम काही निघतं. पण शास्त्रज्ञ ज्याला ‘बर्फ’ म्हणतात ते पाणी, अमोनिया आणि मिथेन. आत ते प्रचंड दाबाखाली हजारो अंशांवर तापलेलं दाट द्रव आहे. गोठलेलं काही नाही, पाय ठेवायला जमीनही नाही. वरच्या ढगांत हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्यांचा वास. ‘बर्फाळ’ हा खगोलवाल्यांचा आपसातला शब्द, पुस्तकानं तो उचलला आणि समजावला नाही.

नातवाला सांगण्यासारखं खरं तर वेगळंच आहे. हा ग्रह आडवा पडून फिरतो, त्याचा अक्ष 98 अंशांनी कललेला. सूर्याभोवती एक फेरी 84 वर्षांची, त्यामुळे एकेका ध्रुवावर बेचाळीस वर्षं उजेड आणि बेचाळीस वर्षं काळोख. सहस्रचंद्रदर्शन झालेल्या माणसाच्या पत्रिकेतला हर्षलही जन्माच्या जागी परत आलेला नसतो. त्याला कडी आहेत. ती 10 मार्च 1977 ला एका ताऱ्याला झाकताना सापडली, आणि तो वेध आपल्या तमिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेतूनही घेतला होता. जवळून त्याला एकाच यानानं पाहिलंय, व्हॉयेजर 2 नं, जानेवारी 1986 मध्ये.

परीक्षेत ‘अरुण’ लिहू द्या, गुण पुस्तकाप्रमाणेच मिळणार. घरी हर्षल म्हणा, ष नीट काढून. पुण्याच्या भाचीला म्हणावं, प्रजापतीही चालतो, फक्त कुठला ते आधी सांग.